हे आपल्याला कसे कळले? : बी.एस्सी.च्या जीवशास्त्राविषयी

कोकणातल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. बारावीचे निकाल लागून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की आमच्या विभागात पालकांची ये-जा वाढते. सोबत आलेल्या मुलामुलींपैकी अनेकांनी ‘नीट’ दिलेली असते, वैद्यकीय शाखेची जागा हुकलेली असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा की इथेच राहायचे, हे घरात अजून ठरलेले नसते. अशा वेळी हमखास एक प्रश्न येतो : “मॅडम, बारावीला एवढे जीवशास्त्र झालेच आहे, मग पदवीला तीन वर्षे त्यात आणखी काय शिकवणार?” हा प्रश्न मला रास्त वाटतो. डीएनएची रचना, मेंडेलचे नियम, प्रकाशसंश्लेषण, परिसंस्था हे सगळे बारावीच्या पुस्तकात येऊन गेलेले असते, आणि पदवीला त्याच धड्यांत नुसती नावांची भर पडणार असेल, तर त्यासाठी मुलांनी तीन वर्षे आणि घरच्यांनी पैसे का खर्च करावेत, हे सांगणे अवघड आहे.

प्रवेशाच्या गर्दीत या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. सजीवांविषयी काय माहीत आहे, ते बारावीपर्यंत विद्यार्थ्याला सांगितले जाते. ते कसे कळले, किती खात्रीने कळले, आणि आपल्याला ते स्वतः पडताळून पाहता येईल का, हे त्याने पदवीच्या काळात शिकायचे असते. अभ्यासक्रमाच्या कागदावर हे अशा शब्दांत कुठेही लिहिलेले नसते; परंतु प्रयोगशाळेतल्या अगदी साध्या प्रात्यक्षिकांत ते भरलेले असते आणि शिक्षकाने ते उलगडून दाखवले तरच विद्यार्थ्यापर्यंत पोचते.

कागदावरचा अभ्यासक्रम थोडक्यात सांगता येईल. वनस्पतिशास्त्रात शैवाल, बुरशी, शेवाळी, नेचे, प्रकटबीज आणि सपुष्प वनस्पती असा क्रम लागतो. पुढे अंतर्रचना, शरीरक्रिया, परिस्थितिकी, पेशीविज्ञान, आनुवंशशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्र येते. प्राणिशास्त्रात एकपेशीय जीवांपासून सस्तन प्राण्यांपर्यंतचे संघ, मग ऊती, विकास आणि उत्क्रांती. जोडीला रसायनशास्त्र आणि थोडी जीवसांख्यिकी. विद्यापीठ बदलले की पेपरांची नावे आणि श्रेयांक बदलतात, गाभा फारसा बदलत नाही. ही यादी वाचून कोणालाही वाटेल की सगळा भर पाठांतरावर आहे, आणि लेखी परीक्षेपुरते ते पुष्कळसे खरेही आहे. म्हणून मी इथे मुख्यतः प्रात्यक्षिकांबद्दल लिहिते आहे.

कांद्याच्या मुळाचे प्रात्यक्षिक बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेतलेल्या बहुतेक प्रत्येकाने केलेले असते. कांद्याच्या वाळलेल्या मुळ्या खरवडून तो पाणी भरलेल्या बाटलीच्या तोंडावर बसवतात. दोन-तीन दिवसांत पांढरीशुभ्र मुळे सुटतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यांची टोके कापून एक भाग ॲसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात टाकतात. त्या वेळी विभाजन चालू असलेल्या पेशी अधिक सापडतात, आणि मिश्रणामुळे प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत थांबते. नंतर ही टोके सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून ॲसिटोऑर्सिनने रंगवायची, अगदी टोकाचा मिलिमीटरभर भाग स्लाइडवर ठेवून वर कव्हरस्लिप आणि टिपकागद ठेवायचा, आणि अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात. दाब नीट पडला तर पेशींचा एकेरी थर पसरतो आणि सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रे सुटी दिसू लागतात. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात, आणि चांगली स्लाइड असेल तर ती खरोखर मोजता येतात.

इथे बहुतेक विद्यार्थी एक गोष्ट करतात. पुस्तकातल्या चार आकृत्यांसारख्या दिसणाऱ्या चार पेशी शोधायच्या, त्या जर्नलमध्ये काढायच्या, नावे द्यायची आणि सही घ्यायची. परीक्षेच्या दृष्टीने प्रात्यक्षिक तेवढ्यावर संपते. मी त्यांना तिथेच थांबवून एक प्रश्न विचारते. तुमच्या स्लाइडवरची प्रत्येक पेशी मेलेली आहे. ती हलत नाही, पुढच्या अवस्थेत जात नाही. मग प्रोफेज, म्हणजे गुणसूत्रे दिसू लागण्याची अवस्था आधी आणि ॲनाफेज, म्हणजे ती दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था नंतर, हे तुम्हाला कोणी सांगितले? लग्नाच्या अल्बममधले फोटो विस्कटले आणि पाहणाऱ्याला लग्न कसे लागते हेच ठाऊक नसेल, तर तो त्यांचा क्रम कसा लावेल? १८७०-८० च्या दशकांत वाल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञापुढे हीच अडचण होती. रंगवलेल्या मृत पेशींवरून त्याने अवस्थांचा क्रम बांधला, आणि सॅलॅमँडर या बेडकाच्या दूरच्या नातलगाच्या पिल्लांमधल्या मोठ्या, पारदर्शक, जिवंत पेशींत तो पडताळला. १८८२ मध्ये त्याचे सविस्तर लेखन प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना हे कळले की ‘प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज’ ही पाठ केलेली साखळी त्यांना एका माणसाने काढलेल्या निष्कर्षासारखी दिसू लागते, आणि निष्कर्ष म्हटला की त्याला पुरावा मागता येतो.

दुसरी गोष्ट मोजण्याची. पुस्तकातल्या चित्रात चारही अवस्थांना सारखीच जागा दिलेली असते, त्यामुळे पेशी प्रत्येक अवस्थेत सारखाच वेळ घालवते असा समज नकळत होतो. स्लाइडवर मात्र बहुसंख्य पेशी विभाजनात नसतातच. विभाजनातल्यांमध्ये प्रोफेज पुष्कळ असतात आणि ॲनाफेज शोधावे लागतात. हजार पेशी मोजून त्यांतल्या ऐंशी प्रोफेजमध्ये सापडल्या, आणि पेशीचे पूर्ण चक्र २० तासांचे आहे असे धरले, तर प्रोफेजला ढोबळमानाने त्या २० तासांचे आठ टक्के, म्हणजे साधारण एक तास छत्तीस मिनिटे लागत असली पाहिजेत. मेलेल्या पेशी मोजून जिवंत पेशीच्या वेळापत्रकाचा अंदाज बांधता येतो, हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा वर्गातली शांत मुलेसुद्धा वाद घालू लागतात : सगळ्या पेशी विभाजन करत नसतील तर? सकाळी आणि दुपारी आकडा वेगळा आला तर? टोकापासून दूरच्या पेशी मोजल्या तर? हे तिन्ही आक्षेप बरोबर आहेत, आणि ते पुस्तकात नसताना मुलांनी स्वतः काढलेले असतात.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे आज सातवी-आठवीतल्या मुलालाही माहीत असते. परंतु १९२० च्या दशकापासून तीसहून अधिक वर्षे जगभरची पुस्तके ४८ हा आकडा सांगत होती. थिओफिलस पेंटर या जाणकार संशोधकाने तो दिला होता, आणि नंतरच्या अनेकांनी आपल्या स्लाइडवरही ४८ च मोजले. १९५६ मध्ये जो हिन जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड येथे केलेले काम प्रसिद्ध केले आणि तो आकडा ४६ झाला. नवे काय होते? पेशी कमी क्षारांच्या द्रावात फुगवणे, कोल्चिसिन या रसायनाने विभाजन मेटाफेजला अडवणे, आणि स्लाइडवर दाबून गुणसूत्रे एका पातळीत पसरवणे. यातला लेव्हान हा मूळचा कांद्याच्या गुणसूत्रांचा अभ्यासक. कोल्चिसिनचा परिणाम त्याने १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवरच पाहिला होता. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अंगठ्याने जी कव्हरस्लिप दाबतो, त्याच जातीच्या कृतीने माणसाच्या गुणसूत्रांची संख्या दुरुस्त झाली. ‘पुस्तकात ४८ लिहिले आहे म्हणून ४८ दिसणे’ हा धोका प्रत्येक प्रयोगशाळेत असतो, आमच्याही, आणि तो कळणे हा जीवशास्त्राच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे असे मी मानते.

म्हणूनच जर्नलच्या आकृत्यांबद्दल मी कठोर आहे. वरच्या वर्गातल्या कोणाच्या तरी जर्नलवरून उतरवलेली, पेन्सिलीने सुरेख छटा दिलेली आकृती मला नको असते. कण्हेरीच्या पानाचा छेद घ्यायला सांगितला की विद्यार्थी पान बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडने पातळ काप घेतात, वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडतात, त्यांतला सर्वांत पातळ काप निवडून सॅफ्रानिनने रंगवतात आणि ग्लिसरीनमध्ये बसवतात. पानाच्या खालच्या बाजूला खोलगट खड्डे दिसतात, त्यांत केस असतात आणि पर्णरंध्रे त्या खड्ड्यांत असतात; त्यामुळे कोरड्या हवेत बाष्प कमी निघून जाते. पुस्तकातला छेद नेमका खड्ड्याच्या मध्यातून गेलेला असतो. विद्यार्थ्याचा छेद खड्ड्याच्या कडेला लागतो, तिरका जातो, अर्धा फाटतो. त्याने तोच काढावा, आणि आपल्याला खड्डा अर्धाच का दिसला ते खाली लिहावे. तिरक्या कापातून मूळ आकार मनात उभा करता येणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे; रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळेत ऊतींचे काप पाहणाऱ्यालाही हेच करावे लागते. परीक्षेला येणारे बाहेरचे परीक्षक कधी कधी अशा आकृतीला गुण कमी देतात, याचे मला फार वाईट वाटते, आणि मी दर वेळी त्यांच्याशी त्यावर बोलते.

आनुवंशशास्त्राचा भाग मात्र मला सगळ्यांत जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण गणिताची भीती आणि गणिताची गरज इथे समोरासमोर येतात. मेंडेलने १८६५ मध्ये आपले वाटाण्याचे प्रयोग वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. त्याच्या दोन गुणांच्या संकरात एकूण ५५६ बिया मिळाल्या : ३१५ गोल-पिवळ्या, १०८ गोल-हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या-पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या-हिरव्या. ९:३:३:१ या प्रमाणाने पाहिले तर ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५ अशा अपेक्षित होत्या. बारावीत ‘जवळजवळ ९:३:३:१’ म्हणून पुढे जातात. पदवीला विचारायचे असते की जवळजवळ म्हणजे किती जवळ, आणि किती दूर गेले तर आपण नियमावर शंका घेऊ. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक तोलणारी काय-वर्ग कसोटी लावली की उत्तर ०.४७ येते, शंका घेण्याची प्रचलित मर्यादा ७.८१५ आहे, म्हणून हे आकडे नियमाशी जुळतात असे म्हणता येते. वर्गात रंगीत मण्यांनी किंवा मक्याच्या कणसांवरच्या दाण्यांनी हीच कसोटी केली की काही गटांचे उत्तर मर्यादेच्या पलीकडे जाते, आणि त्यांना वाटते की आपले चुकले. वीस गटांतला एखादा गट निव्वळ योगायोगानेही पलीकडे जाईल, हे समजावून सांगायला एक पूर्ण तास लागतो आणि तो तास मी आनंदाने देते.

त्यानंतर जनुकांच्या नकाशाची उदाहरणे येतात. तीन जनुके, आठ प्रकारची संतती, त्यांचे आकडे, आणि त्यांवरून जनुकांचा क्रम व अंतर. विद्यार्थी ही उदाहरणे कृती पाठ करून सोडवतात. ही पद्धत कोणी शोधली, हे त्यांना सांगितले की त्यांची नजर बदलते. १९११ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विशीच्या आसपासचा मुलगा काम करत होता. तो अजून पदवीचाच विद्यार्थी होता. दोन जनुके गुणसूत्रावर जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त, तेव्हा ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर मोजता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. त्या रात्री महाविद्यालयाचा गृहपाठ बाजूला ठेवून त्याने प्रयोगशाळेतली आकडेमोड घरी नेली आणि पहाटेपर्यंत पहिला जनुकीय नकाशा तयार केला. लिंग-गुणसूत्रावरच्या सहा घटकांचा तो अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या मुलांच्या हातात जे आकडे असतात, तशाच आकड्यांतून, तितक्याच गणिताने आणि साधारण त्यांच्याच वयाच्या मुलाने ही गोष्ट काढली.

स्टर्टेव्हंटची दुसरी कथा मला त्याहून महत्त्वाची वाटते. जिभेच्या कडा वर वळवून तिची नळी करता येणे हा प्रभावी जनुकाचा, म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आला तरी दिसणारा गुण आहे, असे आपल्याकडच्या पुष्कळ प्रात्यक्षिक-पुस्तिकांत अजूनही छापलेले असते. वर्गातल्या किती जणांना नळी करता येते ते मोजायचे आणि त्यावरून हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राने समूहातले त्या जनुकाचे प्रमाण काढायचे, असे ते प्रात्यक्षिक. हा गुण आनुवंशिक असल्याचे १९४० मध्ये लिहिले ते याच स्टर्टेव्हंटने. पुढे १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकबीज जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. जनुके सारखीच असलेल्या या जोड्यांपैकी सात जोड्यांत एकाला नळी करता येत होती आणि दुसऱ्याला नव्हती. एका साध्या जनुकाचा गुण असता तर हे घडले नसते. स्टर्टेव्हंटने ते मान्य केले, आणि १९६५ मध्ये आनुवंशशास्त्राच्या इतिहासावर लिहिताना, आपले हे उदाहरण अजून सिद्ध म्हणून छापले जाते याची खंतही नोंदवली. त्यालाही आता साठ वर्षे झाली.

मी हे प्रात्यक्षिक वगळत नाही, उलट ते पूर्ण करून घेते. मुलांना घरी आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा यांची नोंद आणायला सांगते. बहुतेक वर्षी एखादे तरी घर असे निघते की आई-वडील दोघांनाही नळी करता येत नाही आणि मुलाला मात्र येते. गुण खरोखर प्रभावी असता तर हे अशक्य होते. पुस्तिकेतले वाक्य फळ्यावर, हे घर त्याच्या शेजारी, आणि मग मॅटलॉकच्या जुळ्यांची गोष्ट, असा क्रम मी ठेवते. हे आधी आणि स्पष्ट सांगण्याला आणखी एक गंभीर कारण आहे : पुस्तिकेवर विश्वास ठेवणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनात आपल्या जन्माविषयी निष्कारण शंका येऊ शकते. कानाची चिकटलेली पाळी, हनुवटीवरची खळी हे गुणही पुस्तिका समजतात तितके सरळ नाहीत, आणि वर्गात ते वापरायचे असतील तर शिक्षकाने हे सांगितलेच पाहिजे.

वर्गीकरणाचा अभ्यास पावसाळ्यात करावा, आणि तो सड्यावर करावा. आमच्या बाजूचे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. श्रावणात त्यांच्यावर गेंद, तेरडे, सीतेची आसवं आणि कुठे कुठे दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती उगवते. सीतेच्या आसवांच्या रोपाला खरी मुळे नसतात, आणि ओल्या मातीत दडलेल्या त्याच्या सूक्ष्म पिशव्या एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. एक रोप अलगद उपटून पिशवी भिंगाखाली दाखवली की नायट्रोजन कमी असलेल्या जमिनीत जगण्याचे प्रकरण वेगळे शिकवावे लागत नाही. झाडाचे नाव मी सांगत नाही. हातात भिंग, सोबत थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ, आणि ओळखीच्या पायऱ्या : पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, अंडाशय वर की खाली. हे कुक मूळचे अभियंता आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे ऐकून मुलांना धीर येतो.

इथेही ‘कसे कळले’ हा प्रश्न सुटत नाही. आमच्या प्रात्यक्षिकांत अजून बेंथम आणि हूकर यांची १८६२ ते १८८३ दरम्यान मांडलेली पद्धत चालते, कारण ती फुलाच्या दिसणाऱ्या रचनेवर उभी आहे आणि बाहेर रानात झाड ओळखताना उपयोगी पडते. १९९८ पासून मात्र डीएनएच्या तुलनेवर आधारलेली नवी मांडणी आली, तिची चौथी आवृत्ती २०१६ ची. तिच्यात साग आणि निर्गुडी तुळशीच्या कुळात गेले, घाणेरी जुन्याच कुळात राहिली, आणि रुईचे स्वतंत्र कूळ कण्हेरीच्या कुळात मिसळले. दोन्ही पद्धती शिकवाव्यात असे माझे ठाम मत आहे. साग आणि घाणेरी एके काळी एकत्र का ठेवली होती आणि मग वेगळी का केली, हे सांगता आले तर विद्यार्थ्याला वर्गीकरण समजले.

प्राणिशास्त्राबद्दल मी अधिकाराने लिहू शकत नाही, तरी विच्छेदनाचा विषय टाळता येत नाही. आमच्या पिढीने बेडूक, झुरळ, उंदीर आणि किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत मुशी कापली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये त्या अधिक कडक केल्या. निर्णय योग्य होता. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राणी मारण्याइतके शिक्षण त्यातून होत नव्हते. त्याची जागा मात्र बऱ्याच ठिकाणी केवळ तक्त्यांनी आणि पडद्यावरच्या चित्रांनी घेतली, आणि प्राण्याचे वागणे पाहणे, ज्याला कापण्याची गरजच नसते, ते अभ्यासक्रमात अजूनही कोपऱ्यातच आहे.

भाषेविषयी एवढेच, की आमची बरीच मुले मराठी माध्यमातून आलेली असतात आणि पदवीची पुस्तके व उत्तरपत्रिका इंग्रजीत असतात. तोंडी परीक्षेत मी त्यांना मराठीत बोलू देते. पारिभाषिक नाव इंग्रजीत सांगून त्यामागचे कारण मराठीत उलगडणारी मुलगी विषय समजलेली असते. व्याख्या इंग्रजीत अचूक म्हणून थांबणाऱ्याबद्दल तसे सांगता येत नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला चौथ्या वर्षाची सोय झाली आहे आणि त्यात संशोधन प्रकल्पाला जागा आहे. लहान गावांतल्या महाविद्यालयांतून यावर पहिली प्रतिक्रिया येते ती उपकरणे नसल्याची. ही अडचण खरी आहे, मी ती हलकी करत नाही. पण प्रकल्प म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र, असे समीकरण होऊ नये. त्या यंत्रात वापरला जाणारा उष्णतेत टिकणारा विकर ज्या जिवाणूतून आला, तो यलोस्टोनच्या उष्ण झऱ्याच्या नमुन्यातून वाढवण्याचे काम १९६६ मध्ये टॉमस ब्रॉक यांच्यासोबत हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्याने केले होते; त्या वेळी पीसीआर अस्तित्वातही नव्हते.

आपल्या हाताशी असलेले उदाहरण माडाचे आहे. ब्रिटनमधले आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, तेव्हा महागड्या साधनांशिवाय, नुसते काळजीपूर्वक पाहून आणि मोजून होणारे जीवशास्त्र भारतात करावे, असा त्यांचा आग्रह होता. तिथे काम केलेल्या टी. अँटनी डेव्हिस यांनी माडाच्या झावळ्यांची फिरकी मोजली. शेंड्याला एकामागून एक येणाऱ्या झावळ्या काही माडांत डावीकडे फिरत जातात, काहींत उजवीकडे. झावळीच्या बगलेतला नारळांचा घड कोणत्या बाजूला झुकतो त्यावरून हे जमिनीवरूनही ओळखता येते. डावी आणि उजवी झाडे जवळजवळ निम्मी-निम्मी असतात, आणि आई-बाप झाडे कोणत्याही फिरकीची असली तरी रोपे पुन्हा निम्मी-निम्मीच निघतात, म्हणजे हा गुण वारशाने येत नाही, हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवले. पुढे अनेक देशांतली झाडे मोजल्यावर उत्तर गोलार्धात डावी आणि दक्षिण गोलार्धात उजवी किंचित जास्त दिसली.

आमच्या चौथ्या वर्षासाठी मी हाच प्रकल्प सुचवला आहे. वाड्या जवळ आहेत, माड आहेत, आणि मोजणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी स्वतःच्या बागा आहेत. फक्त किती झाडे मोजायची ते आधी ठरवायला हवे. शंभर माड मोजून ५५ डावे निघाले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. निव्वळ योगायोगानेही ४० ते ६० पर्यंतचा आकडा येऊ शकतो. निम्म्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त, म्हणजे ५२ विरुद्ध ४८ एवढा फरक विश्वासाने दाखवायचा तर निदान २५०० माड लागतील, आणि त्याहून बारीक फरकासाठी आणखी. तेवढ्यासाठी दोन-तीन गावांच्या वाड्या घ्याव्या लागतील, एकच झाड दोघांनी स्वतंत्रपणे पाहून नोंदी जुळतात का ते तपासावे लागेल, आणि ज्याच्या बाजूबद्दल दोघांचे एकमत होत नाही अशा माडांचे काय करायचे, तेही मोजणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावे लागेल.